नाईट ड्यूटी : साहित्य आणि कृती

आमच्या खारेगावात दोन बिल्डिंगा सोडून राहणारी मुलगी नर्सिंगचं जीएनएम पास झाली. तीन वर्षांचा कोर्स, मग परिषदेचं रजिस्ट्रेशन, मग अर्जांच्या खेपा, आणि परवा पेढे घेऊन दारात उभी. म्हणाली, "मावशी, सोमवारपासून नाईट लागलीय. काहीतरी सांगा ना." मी चौतीस वर्षं वॉर्डात काढलीत. मला सांगायला लावणं म्हणजे सलाईन फुल्ल सोडून चहाला जाणं. म्हणून तोंडी न सांगता लिहून दिलं. स्वयंपाकाच्या पुस्तकासारखं लिहिलंय, कारण पोरगी वाचेल न वाचेल, तिची आई नक्की वाचणार.

आधी एक खुलासा. घराजवळ तू मला मावशी म्हणतेस ते ठीक. वॉर्डात मावशी ही वेगळी असामी. सिलिंडरचा पाना कुठल्या गादीखाली आहे, कुठल्या डॉक्टरला रात्री दोन वाजता उठवलेलं चालतं, कुठल्या खाटेचा खिट्टी लावलेला कठडा आपोआप पडतो, हे तिला ठाऊक असतं आणि तुझ्या पुस्तकाला नसतं. पहिल्या रात्री तिला "चहा झाला का?" एवढं विचार. पुढचा सिलॅबस ती घेईल.

साहित्य

वॉर्ड एक. खाटा चाळीस. पेशंट किती, ते खाली गाद्या टाकलेले धरून मोजावे. ट्रॉली एक, चार चाकांची. त्यांतली तीन तुझ्याबरोबर येतात आणि चौथं मुंब्र्याकडे निघतं. बी.पी.चं मशीन एक, पट्ट्याचं वेलक्रो दमलेलं. सेकंदकाटा असलेलं घड्याळ. चिकटपट्टीचा रोल, हा आधी खिशात घालावा, कारण रात्री तीननंतर वॉर्डात चिकटपट्टीला सोन्याचा भाव येतो. पेनं दोन. डॉक्टरला उसनं दिलेलं पेन परत येत नाही, हे गृहीत धरूनच दोन सांगितली. मावशी एक, मामा एक (मामा एकाच वेळी तीन वॉर्डांत असतो, म्हणजे कुठेच नसतो). सिस्टर एक, म्हणजे तू.

प्रमाणाबद्दल थोडं. नर्सिंग कौन्सिलचा हिशोब सांगतो की शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीन पेशंटांमागे एक नर्स हवी आणि साध्या हॉस्पिटलात पाचांमागे एक. वाचून हसू नकोस, परीक्षेत विचारतात.

आपल्या कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय 500 खाटांचं. मुंब्रा, दिवा, भिवंडी तर सोडाच, पार शहापूर-मुरबाडहून माणसं तिथे येतात. ऑगस्ट 2023 मध्ये तिथे 24 तासांत 18 रुग्ण दगावले आणि देशभरातल्या कॅमेऱ्यांना कळवा नकाशावर सापडलं. सरकारने चौकशी समिती नेमली. कारणं शोधणं तिचं काम, त्यात मी पडत नाही. मला आठवतं ते एवढंच, की त्या आठवड्यात भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत जो तो मला विचारत होता, "सिस्टर, तिकडे खाटा किती?" खाटेपाशी उभं राहायला हात किती, हे एकानेही विचारलं नाही. मी रिटायर होते म्हणून राग गिळला. खाट स्वतःहून कुणाला औषध देत नाही.

कृती : पेशंट ओळखणे

पुस्तकात पाच बरोबर गोष्टी दिल्या आहेत, त्या तुला पाठ आहेतच. बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. नव्या पुस्तकांत त्या सात-दहापर्यंत गेल्यात, लग्नाच्या आहेराच्या यादीसारख्या. त्यातल्या पहिल्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण माझं नाक तिथेच कापलं गेलंय.

ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांना राहणाऱ्या माणसाला हे समजवायला नको. इथे पाटील, म्हात्रे आणि भोईर यांनी मिळून एक वॉर्ड सहज भरतो. वॉर्डाच्या दारात उभं राहून "पाटील कोण?" असं विचारलंस तर तीन पेशंट, दोन नातेवाईक आणि जिन्यातला वॉचमन हात वर करतो. पहिली नावं तरी वेगळी असतील म्हणावं, तर एका पिढीतले सगळे बाळाराम नाहीतर हसुराम.

माझ्या नोकरीचं आठवं वर्ष. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, खाडीच्या अल्याडचं की पल्याडचं तेही नाही. रात्री दहाची औषधं. नऊ नंबरला एक पाटील बाबा, हृदय थकलेलं, पायांना सूज, त्यांना लघवीची गोळी. एकोणीस नंबरला दुसरे पाटील बाबा, हर्नियाचं ऑपरेशन कालच झालेलं, त्यांना तसलं काहीच नाही. संध्याकाळी पंख्याखालची खाट हवी म्हणून नातेवाइकांनी आपसांत अदलाबदल केली होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नऊ नंबरपाशी गेले आणि विचारलं, "पाटील ना तुम्ही?"

"हो."

त्यांचं काही चुकलं नाही. ते पाटीलच होते. मी गोळी दिली, पाण्याचा पेला धरला, वर "झोपा आता शांत" असं म्हणाले. लघवीची गोळी अर्ध्या-पाऊण तासात कामाला लागते आणि पाच-सहा तास सोडत नाही. हर्नियाचे बाबा टाक्यांवर हात धरून, एका हाताने लेंग्याची नाडी सांभाळत, रात्रभर संडासच्या वाऱ्या करत राहिले. मला वाटलं, ऑपरेशननंतर होतं असं कधीकधी. साडेअकराला दुसऱ्या टोकाकडून हाक आली, "सिस्टर, माझी लघवीची गोळी ऱ्हायली." माझ्या पोटात गोळा आला.

म्हणून कृती अशी. "तुम्ही पाटील ना?" हा प्रश्न विचारायचाच नाही. ऐकू न येणारा, झोपेतला, घाबरलेला, नाहीतर सिस्टर चिडेल म्हणून हो म्हणणारा, सगळेच या प्रश्नाला मान डोलवतात. "बाबा, तुमचं पूर्ण नाव सांगा" असं म्हणायचं आणि तोंड बंद ठेवायचं. नाव त्यांच्या तोंडून येऊ दे. मग मनगटावरची पट्टी बघायची, पट्टी नसेल तर केस पेपरवरचा नंबर, वय, गाव. खाटेचा नंबर हे त्या लोखंडी पलंगाचं नाव आहे, त्यावर झोपलेल्या माणसाचं नव्हे. बोलताच येत नसेल अशा पेशंटच्या बाबतीत नातेवाइकाला विचार, आणि तो नातेवाईक याच पेशंटचा आहे ना, तेही विचार.

त्या रात्री पुढे काय झालं ते विचारशीलच. डॉक्टरांना उठवलं. तासातासाला बी.पी. बघितलं, पाण्याचा हिशोब ठेवला. बाबांना सकाळपर्यंत थकवा होता, बाकी काही नाही. माझ्या बरोबरीची एक जण म्हणाली, "लिहितेस कशाला? निभावलं ना!" मी लिहिलं. आठ दिवसांनी मेमो आला. तो अजून माझ्या कपाटात, पेन्शनच्या कागदांखाली आहे. आमच्या इनचार्ज सिस्टर मात्र एवढंच म्हणाल्या, "नशीब तुझं, लघवीची होती. साखरेची असती तर?" त्यानंतर वॉर्डात दोन पाटील आले की त्या दोन्ही केस पेपरांवर लाल पेनाने "दुसरा पाटील आहे" असं लिहायच्या. वरून आलेल्या एकाही परिपत्रकाने मला एवढं वाचवलं नाही.

आपण राहतो त्या स्टेशनच्या पाटीवर दिवसरात्र आज्ञार्थी क्रियापद लिहिलेलं आहे: कळवा. फास्ट गाड्या तिथे थांबत नाहीत, हा भाग वेगळा.

कृती : औषध देणे

वेळेपासून सुरुवात करू, कारण ती लगेच संपते. दहाचं औषध दहाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर द्यावं असं शिकवतात. चाळीस पेशंट, प्रत्येकाला नाव विचारून, गोळी देऊन, ती गिळली का ते बघून (काही जण गालात ठेवतात आणि उशीखाली लपवतात, उशी उचलून बघ), सही करून दोन मिनिटं धर. ऐंशी मिनिटं झाली. म्हणजे साडेनऊला सुरू केलंस तरी अकराला दहा कमी होईपर्यंत हात मोकळा होत नाही, आणि तोवर कुणालाही उलटी होता कामा नये. हे गणित पुस्तकात सोडवलेलं नाही. माझा तोडगा असा: इन्सुलिन, अँटिबायोटिक आणि हृदयाची औषधं आधी, व्हिटॅमिन आणि कॅल्शियम शेवटी. कॅल्शियम वीस मिनिटं थांबलं तर कुणाचं हाड मोडत नाही.

नाव तीनदा वाचायचं, ओठ हलवून. कपाटातून काढताना, भरताना, जागेवर ठेवताना. डोपामिन आणि डोब्युटामिन या सख्ख्या जावा. नावं शेजारी, घरं शेजारी, स्वभाव मात्र निरनिराळे. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असा नियम 2016 साली झाला. पेनांपर्यंत तो अजून पोचलेला नाही. वाचता येत नसेल तर अंदाज करायचा नाही. "सर, एवढं वाचून दाखवता?" म्हणायचं. सर वैतागतील. एकदा तर असे वैतागलेले सर स्वतःचंच अक्षर वाचू शकले नाहीत आणि पुसून नवीन लिहिलं. फोनवर ऑर्डर आली तर आधी लिही, मग लिहिलेलं त्यांना वाचून दाखव, मग दे.

आता दोन औषधं, जिथे मी विनोद करणार नाही.

इन्सुलिन. आपल्याकडच्या साध्या बाटलीत एका मिलिलिटरला 40 युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपीची. दुसरं येतं ते 100 युनिटचं, त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. 40 ची बाटली घेऊन नारिंगी सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलंस तर पेशंटला मिळतात 8 युनिट. 100 ची बाटली आणि लाल सिरिंज, 20 ची रेघ, तर मिळतात 50. पहिल्यात साखर चढते, दुसऱ्यात पेशंट घामाने थबथबतो आणि बोलेनासा होतो. रात्री पिवळ्या बल्बखाली लाल आणि नारिंगी एकच दिसतात. टोपी खिडकीशी, ट्यूबलाइटशी, मोबाईलच्या टॉर्चशी ने, पण बघ. बाटलीवरचा आकडा वाच आणि दुसऱ्या कुणालातरी वाचायला दे.

पोटॅशियम क्लोराइड, सगळे केसीएल म्हणतात. दिसायला पाणी. अँप्युल तशीच, रंग तसाच. सलाईनमध्ये मिसळून हळूहळू दिलं तर औषध, सरळ शिरेत ढकललं तर हृदय जागच्या जागी थांबतं. ते सलाईनच्या पाण्याच्या अँप्युलशेजारी ठेवलेलं दिसलं तर त्या क्षणी उचलायचं, वेगळ्या कपाटात लाल चिठ्ठी लावून कुलपात ठेवायचं. कुणाच्या परवानगीची वाट बघू नकोस. नंतर सांग.

कृती : सलाईन सोडणे, आणि नातेवाईक

500 मिलिलिटरची बाटली आठ तासांत द्यायची. साध्या सेटमध्ये एका मिलिलिटरचे 20 थेंब. 500 गुणिले 20, भागिले 480 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. घड्याळ डोळ्यासमोर धरून मोज. चौदाव्या थेंबाला कुणीतरी येऊन विचारेल, "सिस्टर, लाईट कधी येणार?" पुन्हा एकपासून.

तू पाठ वळवलीस की नातेवाईक चाक फिरवतो. त्याला वाटतं लवकर संपलं की लवकर घरी. थकलेल्या हृदयाच्या पेशंटला बाटली भराभर गेली तर पाणी फुप्फुसात साठतं, हे त्याला आधीच, प्रेमाने, दोनदा सांग. बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी लावून तासांच्या खुणा कर. (म्हणूनच म्हटलं होतं, रोल खिशात.)

सलाईनमध्ये ताकद असते हा समज तुझ्या नोकरीपेक्षा जास्त टिकेल. साध्या सलाईनच्या 500 मिलिलिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बस. गोडाच्या, म्हणजे 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर. शंभराच्या आत कॅलरी. कळवा स्टेशनबाहेरच्या एका वडापावात याच्या दुप्पट तरी निघतील. हे एका आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग वडापावच दे." डॉक्टरांनी नाही म्हटलं.

नळीतल्या एका बारीक बुडबुड्याने माणूस मरतो, असं हिंदी सिनेमाने तीन पिढ्यांना शिकवलंय. एवढ्याशा बुडबुड्याने काही होत नाही. तरी नळीतली हवा काढूनच सलाईन लाव, हवा जास्त गेली तर धोका असतोच, आणि नातेवाइकाचा जीव तर बुडबुडा दिसताच जातो.

कृती : ज्याला कुणी कृती म्हणत नाही

औषधं दिली, सलाईन लावलं, म्हणजे नर्सिंग झालं असं नवीन मुलींना वाटतं. उरतो तो बेडपॅन, आणि तो मावशीचा, असंही वाटतं.

एका आगरी आजीची गोष्ट सांगते. मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजनाला लटकावलेला. सकाळपासून लघवी नाही. पोट टम्म. नळी घालायची तयारी चालली होती. मी जवळ जाऊन विचारलं तर कानात म्हणाली, "बाय गो, मना लाज वाटतं." समोरच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा बसला होता, दुसऱ्या बाजूला चहावाला. वॉर्डातला पडदा धुवायला गेलेला, तो गणपतीनंतर येणार होता. मी तिच्याच पिशवीतलं नऊवारी लुगडं काढलं, एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं सलाईनच्या स्टँडला बांधलं. स्टीलचा बेडपॅन गरम पाण्याने धुऊन, पुसून, चांगला पाय वाकवून घ्यायला सांगून, कमरेखाली हात देऊन सरकवला. मग नळ थोडा सोडला आणि पाठ करून उभी राहिले. दोन मिनिटांत काम झालं, नळीही वाचली. लुगड्याच्या आडोशाला पुस्तकात 'खाजगीपणा राखणे' म्हणतात, दोन मार्कांना.

कूस बदलणे. ज्याला स्वतःहून वळता येत नाही त्याला दर दोन तासांनी वळवायचं. आमच्या काळी आम्ही पाठीला स्पिरिट-पावडर चोळायचो, लाल झालेल्या जागी तर जास्तच जोरात. आता सांगतात की लाल जागेवर चोळू नका, आतला मांस-पेशींचा थर आणखी फाटतो. आमची चूक होती, मान्य. वळवणं मात्र तेव्हाही बरोबर होतं. परळच्या केईएममध्ये अरुणा शानबाग ही तिथलीच सिस्टर 1973 साली तिच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर 2015 साली जाईपर्यंत अंथरुणावर होती. जवळजवळ 42 वर्षं. तिच्या प्रकरणाचा निकाल 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने दिला तेव्हा देशाला कळलं की इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही बेडसोर नाही. ती ज्यांच्या ड्यूटीत होती त्या मुली आल्या, रिटायर झाल्या, नव्या आल्या. दर पाळीत कुणीतरी तिला वळवत होतं, भरवत होतं, पुसत होतं. त्याला मशीन लागलं नाही. मी नर्सिंगबद्दल भाषण ठोकायला उभी राहिले तर एवढंच सांगून खाली बसेन.

हात. प्रत्येक पेशंटनंतर. साबणाने 40 ते 60 सेकंद, हँडरबने 20 ते 30. नळाला पाणी नाही हे कारण मी स्वतः वापरलेलं असल्यामुळे मला सांगू नकोस.

कचरा. सुई पांढऱ्या डब्यात, टोपी परत न लावता. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनची बाटली आणि नळी लाल पिशवीत, काचेच्या अँप्युल निळ्यात. नातेवाईक केळ्याची साल पिवळ्यात टाकतात, रंग जुळतो म्हणून.

वाढण्यापूर्वी

सकाळी ओव्हर देताना "सगळं ठीक" असं म्हणून पळू नकोस. खाटेपाशी उभी राहून दे: काय दिलं, काय राहिलं, कुणी खाल्लं नाही, कुणाची कूस किती वाजता बदलली, दोन पाटील कुठे आहेत. द्यायच्या आधी सही करायची नाही आणि दुसरीने भरलेलं इंजेक्शन आपण द्यायचं नाही, हे दोन्ही तुला कुणीतरी मैत्रिणीच्या नात्याने करायला सांगेलच. तिला चहा पाज आणि नाही म्हण.

आणि एक नंबर लिहून ठेव, तुझ्या आईनेही फ्रिजवर लावावा. औषधाने अंगावर गांधी उठल्या, चक्कर आली, भलतंच काही झालं, तर ते नोंदवायला केंद्र सरकारचा टोल फ्री नंबर आहे: 1800-180-3024. डॉक्टर-नर्सच नाही, पेशंट आणि नातेवाईकही तिथे फोन करू शकतात. कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच. नाईटवाल्यांनी ओव्हर देऊन झाल्यावर कळवा.